गोळ्या उपकेंद्रात न्यायच्या आहेत? आधी वैद्यकीय अधिकाऱ्याला तयार करा

कोचिंग म्हटलं की दहावी-बारावीचे क्लास आठवतात. इथे अर्थ वेगळा आहे: उत्तर न सांगता समोरच्याला, म्हणजे इथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला, ते स्वतः शोधायला लावणं. उदाहरण घेऊ उच्च रक्तदाबाच्या गोळ्यांचं. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या (IHCI) पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. महिन्याच्या गोळ्या घराजवळ, म्हणजे आरोग्य केंद्राच्या हाताखालच्या गावातल्या उपकेंद्रात, मिळाल्या तर रुग्ण उपचार सोडत नाही, हा त्यातला एक साधा विचार. आदेश एका दिवसात निघतो, पण प्राथमिक आरोग्य केंद्राची रोजची पद्धत बदलायला तीन महिने धरा.

पंधरवड्याला एक, अशा सहा भेटी ठेवा. प्रत्येक भेट पाऊण तासाची आणि आरोग्य केंद्रातच. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत चाळीस जणांसमोर हे होत नाही, तिथे माणूस फक्त स्वतःला वाचवतो. वैद्यकीय अधिकाऱ्याच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या वरिष्ठानेच कोच होऊ नये. तसं करावंच लागलं, तर या भेटींतलं बोलणं अहवालात येणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पाळा.

पहिल्या भेटीत सल्ला देऊ नका. ओपीडीत तासभर बसा. मग तीन प्रश्न विचारा: मागच्या महिन्यात किती रुग्ण यायला हवे होते? किती आले? न आलेल्यांची यादी कोणाकडे आहे? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते. ती तुम्ही भरू नका. उपचारपत्रिका पुढच्या भेटीच्या महिन्याप्रमाणे खोक्यात लावायची कल्पना आरोग्य सेविकेकडून आली, तर ती टिकते.

दुसऱ्या भेटीत एकच उपकेंद्र निवडायला सांगा, सगळी एकदम नकोत. सर्वांत अडचणीचंही नको. जिथली समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे उपकेंद्र सांभाळणारी, उत्सुक आहे ते घ्या.

तिसरी भेट औषधसाठ्यासाठी, खरं पाणी मुरतं ते तिथेच. मागणीपत्र बहुधा मागच्या सरासरी खपावरून भरलं जातं. गोळ्याच संपल्या होत्या, तर खप कमी दिसणारच. मग मागणी कमी, पुरवठा कमी, आणि पुन्हा तुटवडा. हिशोब रुग्णसंख्येवरून करायला लावा. उपकेंद्रात १२० जण रोज एक गोळी घेत असतील तर महिन्याला ३,६०० आणि तेवढाच राखीव साठा, म्हणजे सुरुवातीला ७,२००. दोन गोळ्या घेणारे वेगळे मोजा. अधिकाऱ्याने हे गणित स्वतःच्या हाताने मांडावं. तुम्ही मांडून दिलंत तर पुढच्या महिन्यात पुन्हा सरासरीच येईल.

औषध निर्माण अधिकारी उपकेंद्राला साठा द्यायला नकार देतो तेव्हा तो आडमुठा असतोच असं नाही. लेखापरीक्षणात साठा त्याच्या नावावर निघतो. त्याला लेखी आदेश, उपकेंद्राची वेगळी साठा नोंदवही आणि सहीची पोच मिळाली की अडथळा बराचसा जातो. हे बोलणं वैद्यकीय अधिकाऱ्याने करावं. तुम्ही फक्त आदल्या दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून या बोलण्याची तालीम करून घ्या.

चौथ्या भेटीपासून आकडा एकच पाहा: नोंदणीकृत रुग्णांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे. न आलेले रुग्ण छेदातून, म्हणजे एकूण नोंदणीच्या आकड्यातून, वगळू नका. ते वगळले की टक्का झकास दिसतो आणि काम जागच्या जागी राहतं. नोंदवहीत ओळीने १३०/८०, १२०/८० असे न मोजता लिहिल्यासारखे आकडे दिसले तर कोणावर ओरडू नका, ओरडल्यावर आकडे आणखी गुळगुळीत होतात. शेजारी बसून, रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, पाच जणांचा दाब पुन्हा मोजा.

मध्येच बदली झाली तर? होतेच. म्हणून पाचव्या भेटीला आरोग्य सहाय्यक आणि आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक यांनाही बसवा, न आलेल्यांची यादी दर सोमवारी आशांना कोण देणार ते नावानिशी ठरवा. सहाव्या भेटीत दुसरं उपकेंद्र अधिकाऱ्याने स्वतः निवडावं, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना पहिल्या उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने शिकवावं. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा.