गप्पांतले किस्से : बाई-पुरुषांच्या सांगण्यातला फरक कसा तपासावा

गप्पा ध्वनिमुद्रित करायच्या, तर आधी सगळ्यांची परवानगी घ्या. मोबाईल गटाच्या मधोमध ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद. पहिली दहा मिनिटं माणसं जपून बोलतात, ती मोजणीत धरू नका. फक्त बायका, फक्त पुरुष आणि मिश्र असे तिन्ही गट हवेत, पण जागा आणि निमित्त शक्यतो एकच. बायकांचा किस्सा स्वयंपाकघरातला आणि पुरुषांचा पारावरचा घेतलात, तर दिसेल तो फरक जागेचाही असू शकतो. अभ्यास इथेच फसू शकतो.

मग शब्दन् शब्द उतरवा. एकावर एक आलेलं बोलणं चौकटी कंसात, शांतता सेकंदांत. ‘अगं मग?’, ‘हो ना!’ हे हुंकार गाळू नका. किस्सा एकट्याचा की दोघा-तिघांनी मिळून रचलेला, हे त्यांतूनच कळतं. आवाज ओळखू येत नसेल तर क्रियापदावरून बाई की पुरुष हा अंदाज बांधू नका. कोल्हापुराकडे बायकाही ‘मी जातो’ म्हणतात.

विल्यम लबॉव्ह आणि जोशुआ वालेट्स्की या भाषा-अभ्यासकांनी 1967 मध्ये मांडलेली आणि लबॉव्ह यांनी 1972 मध्ये प्रस्तावना जोडून वाढवलेली किस्स्याच्या भागांची चौकट इथे उपयोगी पडते : प्रस्तावना, पार्श्वभूमी, गुंतागुंत, मूल्यमापन, उकल, समारोप. सर्वाधिक वेळ मूल्यमापनाला, म्हणजे किस्सा सांगण्याजोगा का हे सांगणारा जिथे दाखवतो त्या भागाला, द्या. ‘मी म्हटलं, बास झालं आता!’ अशा वाक्यात सांगणारा स्वतःला जिंकलेला दाखवतो की फजिती झालेला, ते नोंदवा. तोच माणूस मिश्र गटात तोच किस्सा वेगळा सांगतो का, हेही पाहा. वय आणि नातं शेजारी लिहाच : सासूसमोरची सून आणि मैत्रिणींतली तीच सून एका रकान्यात बसत नाहीत.