हिमालयातला पहिला गायडेड ट्रेक : मराठवाड्यातून जाणाऱ्यांनी तयारी कशी करायची

हल्ली आपल्याकडं जो तो हिमालयाचा ट्रेक बुक करायलाय. लातूर, नांदेड, संभाजीनगर, कुठंबी बघा, ऑफिसातला एक ग्रुप तरी निघालेला असतोच. आणि बुक केल्यावर पहिला प्रश्न काय, तर जॅकेट कोणतं घेऊ. जॅकेट तिकडं भाड्यानं मिळतं हो. पाय मिळत नाहीत, म्हणून आधी त्याचं बोलू, जॅकेटचं नंतर.

गायडेड ट्रेक म्हणजे तंबू, दोन टाइम जेवण, स्लीपिंग बॅग, वाट माहीत असलेला माणूस आणि कॅम्पचं सामान वाहणारी खेचरं, एवढं पैशात येतं. चढणं, पाणी पिणं आणि त्रास व्हायला लागला की तोंड उघडून गाईडला सांगणं, ही कामं आपल्याकडंच राहतात. यातलं तिसरं लोकांना सगळ्यात अवघड जातं, त्याच्यावर पुढं सविस्तर लिहितो.

कोणता ट्रेक घ्यायचा? पहिलाच असेल तर माझं मत सरळ आहे, हर की दून. उत्तराखंडात उत्तरकाशी जिल्ह्यात, सांक्री गावातून सुरू होतो, गोविंद नॅशनल पार्कमधून सुपिन नदीच्या कडंकडंनं वाट जाते, मधी ओसला नावाचं जुनं लाकडी घरांचं गाव लागतं आणि शेवटी समोर स्वर्गारोहिणीचं शिखर उभं. पांडव इथूनच स्वर्गाला गेले अशी तिकडची कथा आहे. सांक्री साधारण १९०० मीटरच्या वर, हर की दून साधारण ३५०० मीटर, आणि ही उंची हळूहळू चढत जाते, एका दिवसात उडी नाही, म्हणून शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. केदारकांठाबी सांक्रीतूनच होतो, पण डिसेंबर-जानेवारीत तिथं बर्फापेक्षा रील काढणारेच जास्त दिसतात. हम्प्ता पास भारी आहे, एका दिवसात कुल्लूच्या हिरवळीतून लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरात उतरतो आपण, पण तो १४ हजार फुटांच्या वर आहे, उंची पटपट वाढते आणि थंडगार नदी पायानं ओलांडावी लागते. तो दुसऱ्या वर्षी करा.

सीझनचं म्हणाल तर उत्तराखंडात जुलै-ऑगस्ट नको, दरडी पडतात. उरला उन्हाळा नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. ज्याची शेती आहे त्याला सप्टेंबर-ऑक्टोबर जमत नाही, सोयाबीन काढणीला आलेलं असतं. मग मे महिना बरा, लेकरांना सुट्ट्या असतात आणि मृगाच्या आत माणूस घरी परत येतो.

कंपनी निवडताना इन्स्टावरचे फोटो बघू नका, फोन लावा आणि विचारा. गाईडनं माउंटेनियरिंगचा कोर्स केलाय का, आणि कुठून? उत्तरकाशीचं नेहरू इन्स्टिट्यूट, दार्जिलिंगचं एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट), मनालीची संस्था ही नावं ऐकू आली तर चांगलं. फर्स्ट एडचं ट्रेनिंग किती जणांचं झालंय, ऑक्सिजन सिलिंडर कॅम्पवर असतो की खाली गाडीत, एका गाईडमागं किती माणसं, कोणी आजारी पडलं तर खाली कसं आणता आणि तिथून जवळचा दवाखाना किती तासांवर. या शेवटच्या प्रश्नाला समोरचा "सर टेन्शन नका घेऊ, आजपर्यंत काहीच झालं नाही" असं म्हणाला की फोन ठेवून द्या, कारण ज्याच्याकडं प्लॅन असतो तो घडाघडा सांगतो. परमिटचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का आणि पोर्टरच्या पाठीवर जास्तीत जास्त किती वजन देता, हेबी विचारा. दोन-तीन हजार वाचवायच्या नादात लोक हे काहीच विचारत नाहीत. इन्शुरन्स काढणार असाल तर त्यात ट्रेकिंग आणि तेवढी उंची कव्हर आहे का ते वाचा, बऱ्याच साध्या पॉलिशीत नसतं.

आता पाय. तीन महिने तरी आधी सुरू करा. संभाजीनगरवाल्यांचं नशीब चांगलं, देवगिरीचा किल्ला आहे, खुलताबादहून म्हैसमाळचा घाट पायी चढता येतो, कन्नडकडं अंतूर आणि गौताळ्याचा डोंगर आहे. नांदेडकरांना माहूर, बीड-धाराशिववाल्यांना बालाघाट, येरमाळ्याच्या येडाईचा डोंगर. परभणी-लातूरच्या सपाटीवर राहणाऱ्यांनी उगं रडू नये, चार मजली बिल्डिंगचा जिना पुरतो, लोक येड्यात काढतील तेवढंच. लिफ्टचा वॉचमन आठ दिवसांत ओळखीचा होतो आणि मग स्वतःच विचारतो, आज किती चकरा.

सुरुवातीला नुसतं चाला, आठवड्यातून चार-पाच दिवस, पहाटे, ऊन तापायच्या आत, कारण एप्रिलमधी आपल्याकडं नऊनंतर ट्रेनिंग नाही, उष्माघात होतो. पाच किलोमीटर न थांबता, मधी बोलता येईल इतक्या दमानं, असं जमायला लागलं की पाठीवर वजन घ्या. वजनाला दगड-विटा घालू नका, पाठीला टोचतात. ज्वारीची पाच किलोची पिशवी टॉवेलात गुंडाळून बॅगेत पाठीला लागून ठेवा, दर पंधरा दिवसांनी किलो-दोन किलो वाढवा. डोंगरावर जाणार असाल तर ज्वारीऐवजी पाण्याच्या बाटल्या भरून न्या आणि पहिला महिनाभर वर गेल्यावर पाणी एखाद्या झाडाला ओतून रिकामी बॅग घेऊन उतरा, गुडघे वाचतात. दुसऱ्या महिन्यापासून मात्र वजनासकट उतरायची सवय करा. ट्रेकवर दम चढताना लागतो पण माणूस लंगडायला लागतो उतरताना, शेवटच्या दिवशी गुडघे धरून आडवं-तिडवं उतरणारे सगळे जिममधी ट्रेडमिलवर पळून आलेले असतात. उतारावर पावलं छोटी टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, आणि दोन ट्रेकिंग पोल घ्या, म्हातारे दिसू ही लाज सोडा.

बॅग ५० ते ६० लिटरची. वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या खालीच, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ किलो म्हणजे हद्द झाली, १० च्या आत बसलं तर उत्तम. बॅग घालायची पद्धत दुकानदारबी सांगत नाही म्हणून सांगतो. सगळे पट्टे ढिले करून बॅग पाठीवर घ्या. आधी कमरेचा पट्टा, तो पोटावर नाही तर कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं लागतात त्यांच्यावर बसवून घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण इतकेच की बॅग पाठीला चिकटेल. मग छातीचा. आता खांद्याच्या पट्ट्याखाली बोट घालून बघा, सहज गेलं तर वजन कमरेवर आलं, नाही गेलं तर खांदे संध्याकाळपर्यंत कामातून गेले समजा. जड सामान पाठीला लागून मधोमध, हलकं खाली, आणि पाऊस आला तर लागणारा पोंचो सगळ्यात वर. रेनकव्हरवर भरवसा ठेवू नका, आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून कपडे त्यात ठेवा. बॅग खेचरावर टाकायची सोय बऱ्याच ठिकाणी पैसे भरून मिळते, गुडघ्याचा त्रास असेल तर बिनधास्त घ्या. तरी पाणी, पोंचो, एक जॅकेट, औषधं आणि थोडं खायचं असलेली छोटी बॅग जवळ पाहिजेच, खेचर दोन तास पुढं निघून गेलेलं असतं.

बूट महत्त्वाचे. घोट्याच्या वर येणारे, तळाला चांगली पकड असलेले, नेहमीपेक्षा अर्धा-एक नंबर मोठे, कारण उतरताना बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात. निदान महिनाभर आधी घेऊन त्यातच सराव करा, नवेकोरे बूट सांक्रीत उघडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोड येतात. आणि घरून निघायच्या आधी पायाची नखं कापा.

कपड्यात एकच नियम, कॉटन नको. आपल्याला उन्हाळ्यामुळं कॉटनची सवय, पण घामानं भिजलं की तिकडं ते वाळत नाही आणि थंडी हाडात शिरते. अंगाला लागून वाळणारा टीशर्ट, त्याच्यावर फ्लीस म्हणजे मऊ लोकरीसारख्या कापडाचं जॅकेट, त्याच्यावर जाड जॅकेट, रात्रीसाठी थर्मल वेगळं. हजार मीटर वर गेलं की तापमान साडेसहा अंशांच्या आसपास उतरतं, त्यामुळं मेमध्ये परभणी ४२ वर असताना हर की दूनला रात्र शून्याजवळ जाऊ शकते. झोपायचे मोजे वेगळे ठेवा, कोरडे, आणि ते घालून तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. जीन्स घरी.

खायचं कंपनी देते, राजमा, डाळ-भात, खिचडी, सकाळी पराठा. तरी आपल्या जिभेला दोन दिवसांत तिखट आठवतं. शेंगदाण्याची चटणी न्या, कोरडी, लसूण घातलेली, गरम भातावर टाकली की तंबूतले पंजाबी-बंगाली सगळे हात पुढं करतात. धपाटे प्रवासापुरते ठीक, दशम्या जास्त टिकतात. चालताना खिशात गूळ-दाणे ठेवा, बाकी एनर्जी बारची पाकिटं पाहिजेत कशाला.

आता उंचीचा त्रास. आपण राहतो समुद्रसपाटीपासून साधारण ३५०-६५० मीटरवर. ३५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश राहतो, म्हणजे दर श्वासाला तेवढाच कमी ऑक्सिजन. शरीर सवय करून घेतं पण त्याला दिवस लागतात. म्हणून ३००० च्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, आणि तीन-चार दिवसांमागं एक मुक्काम तिथंच वाढवायचा. बुक करायच्या आधी प्रत्येक कॅम्पची उंची मागवा आणि हा हिशोब स्वतः करून बघा. आणि तुमच्या फिटनेसचा याच्याशी संबंध नाही बरं का, मॅरेथॉन पळणारा आडवा होतो आणि त्याची पन्नाशीची आई आरामात वर जाते, असं होतं. उलट फिट पोरं भराभर चालतात म्हणून जास्त अडकतात.

सुरुवात डोकेदुखीनं होते. सोबत मळमळ, भूक मरणं, झोप न येणं, गळून गेल्यासारखं वाटणं. इथं आपले लोक काय करतात, तर गप्प बसतात. एका ग्रुपमधी आमच्यातल्याच एका पोराचं डोकं दुपारपासून दुखत होतं, गाईडनं दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळेस ह्यानं छाती काढून सांगितलं, "एकदम फर्स्टक्लास भैया." सगळ्यांच्यात लाज वाटते ना. रात्री जेवताना गाईड ताटं बघत फिरत होता. ह्याच्या ताटात राजमा तसाच. गाईड शेजारी बसला आणि हळूच म्हणाला, "खाना छोड़ा है, मतलब सिर दुख रहा है. कब से?" मग कबुली. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच कॅम्पवर थांबवलं, संध्याकाळी डोकं उतरलं, तिसऱ्या दिवशी गडी सगळ्यांच्या पुढं. चांगला गाईड असा असतो, पण तो प्रत्येकाच्या ताटापर्यंत पोचेलच याची खात्री नाही, म्हणून आपण होऊन सांगायचं.

डोकं दुखत असताना वर जायचं नाही. थांबायचं, पाणी प्यायचं, आणि थांबूनबी वाढत असेल तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, ओठ निळे पडणं, म्हणजे फुफ्फुसात पाणी झालंय. बोलणं असंबद्ध होणं, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणं, म्हणजे मेंदूला सूज. दोन्हीत लगेच गाईडला उठवा, ऑक्सिजन लावा आणि खाली, ३०० ते १००० मीटर उतरलं तरी बराच फरक पडतो. सकाळपर्यंत बघू म्हणून थांबण्यात माणसं जातात. डायमॉक्स ही गोळी सवय लवकर व्हायला मदत करते, पण व्हॉट्सॲपवर वाचून घेऊ नका. सल्फा औषधांची ॲलर्जी, किडनीचा त्रास असला तर धोका असतो, आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या. बीपी, शुगर, दमा असेल तर कंपनीच्या फॉर्मवर खरं लिहा. दारू नाही, झोपेची गोळी नाही. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी घोटघोट.

कॅम्पवरचं थोडक्यात. टॉयलेट म्हणजे खड्ड्यावर उभा केलेला तंबू, आत मातीचा ढीग, झालं की माती लोटायची. वाटेत लागली तर ओढ्यापासून निदान साठ मीटर लांब. वेट वाइप्स कुजत नाहीत, बंद पिशवीत घालून परत आणायचे. बायकांनी पाळीची तारीख नसली तरी सामान ठेवा, उंचीवर पाळी मागं-पुढं होते, आणि ते गाईडशी बोलायला लाजू नका, त्यांना रोजचं आहे. रात्री मोबाइल आणि पॉवर बँक स्लीपिंग बॅगमधी घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते. रेंज नसणार हे घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई दोन दिवसांत पोलिसात जाते. आणि कोणाच्या डोक्यात सॅटेलाइट फोनची आयडिया असेल तर सोडा, परवानगीशिवाय आपल्याकडं तो बाळगणं गुन्हा आहे.

जायचं कसं, तर नांदेडहून सचखंड एक्सप्रेस, परभणी, जालना, संभाजीनगर करत दुसऱ्या दिवशी दिल्ली. वाटेत काही स्टेशनांवर लंगरचं जेवण मिळतं, ताट-डबा हाताशी ठेवा. दिल्लीहून डेहराडून, तिथून सांक्री पूर्ण दिवसाचा घाटरस्ता, ज्याला गाडी लागते त्यानं निघायच्या आधीच गोळी घ्यायची.

परतीचं तिकीट काढताना डेहराडूनला एक दिवस मोकळा सोडा. सांक्रीहून येताना पुरोला-मोरीच्या रस्त्यावर दरड आली की गाड्या तासन् तास उभ्या राहतात, आणि त्या दिवसाचं सचखंडचं कन्फर्म तिकीट हातात असेल तर ड्रायव्हरवर ओरडून काही होत नाही. दरड नाही आली तर झोपा काढा, कपडे धुवा, आणि पोर्टर-खेचरवाल्यांची टिप मात्र सांक्रीतच देऊन या, ग्रुपमधी आधीच जमा करून, रोख, कारण तिथं यूपीआय चालेलच असं नाही.