गटाची मेल परत येते? या चुका टाळा

रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांचा एक मेल-गट धरा. सावद्याचा सभासद याहूच्या पत्त्यावरून करप्याच्या फवारणीबद्दल लिहितो. गटाचा सर्व्हर विषयाआधी ‘[केळी-गट]’ लावतो, तळाला गट सोडण्याची ओळ जोडतो आणि मेल सगळ्यांना पाठवतो. जीमेलवाल्यांकडून ती परत येते. लगेच कोणीतरी सुचवतो, ‘आपल्या डोमेनचा डीमार्क काढून टाका.’ डोमेन म्हणजे पत्त्यातला @ नंतरचा भाग, आणि डीमार्क म्हणजे त्या नावाने आलेली मेल तपासणीत नापास झाली तर तिचं काय करायचं हे सांगणारा त्या डोमेनचा रेकॉर्ड. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

डीकिम म्हणजे पाठवणाऱ्या डोमेनची मेलवरची डिजिटल सही. ती विषय आणि मजकूर दोन्हींवर असते. तळाला एक ओळ वाढली की ती मोडली. एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) लिफाफ्यावरचा, म्हणजे न पोचलेली मेल जिथे परत जाते तो पत्ता तपासतो. तो आता गटाचा आहे, म्हणून एसपीएफ पास होतो, पण फ्रॉममधल्या, म्हणजे वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पत्त्यातल्या याहूशी जुळत नाही. डीमार्कला दोन्हींपैकी एक तरी पास झालेलं आणि फ्रॉमच्या डोमेनशी जुळणारं लागतं. इथे एकही नाही. मेल अडते ती याहूच्या डीमार्कमधल्या ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) धोरणामुळे. तुमचा रेकॉर्ड पुसून ते बदलणार कसं?

एप्रिल २०१४ मध्ये याहूने हे धोरण लावलं आणि जगभरचे गट असेच कोलमडले. लिहिणारा एक, भोगणारे दुसरेच. मेलमन हे गट चालवणारं सॉफ्टवेअर परत आलेल्या मेलचे गुण मोजतं, एका सभासदाला दिवसाला जास्तीत जास्त एक. मूळ सेटिंगमध्ये पाच गुण झाले की त्याची मेल बंद. म्हणजे याहूवाले पाच दिवस रोज लिहीत राहिले की काहीही न केलेले जीमेलवाले बाहेर. सेटिंग दुरुस्त केल्यावर हे लोक आपोआप परत येत नाहीत. यादी उघडून एकेकाला हाताने चालू करा. हे काम बहुतेक जण विसरतात, आणि सभासदाला वाटतं गटच थंडावला.

उपाय दोन. मेलमन ३ मध्ये डीमार्क मिटिगेशनखाली फ्रॉमच्या जागी गटाचा पत्ता टाकण्याचा पर्याय निवडा, आणि बाहेर जाणाऱ्या मेलवर गटाच्या डोमेनची डीकिम सही सगळे बदल झाल्यावर, अगदी शेवटी करा. आधी सही करून मग ओळ जोडली तर सगळी मेहनत वाया. दुसरा उपाय लहान गटाला जास्त बरा: विषयातला कंस आणि तळाची ओळ दोन्ही काढून टाका. मूळ सही शाबूत राहते. गट सोडण्याची लिंक हेडरमध्ये (मेलच्या वरच्या तांत्रिक ओळींत) असतेच. याहूवाल्यांना गटात बंदी घालणं हा उपाय नव्हे, तो सभासदावर अन्याय आहे.

एका डोमेनला एसपीएफचे दोन रेकॉर्ड लावू नका, तपासणीच चुकीची ठरते. नवी सेवा जुन्याच रेकॉर्डमध्ये जोडा, आणि तो तपासताना होणारे डीएनएस शोध (डोमेनच्या इतर नोंदींची विचारणा) १० च्या आत ठेवा.

सही तपासायला लागणारी २०४८ बिटची डीकिम किल्ली डीएनएस रेकॉर्डमधल्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात बसत नाही. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करा.

स्वतःच्या डोमेनला पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावण्याची घाई नको. डीमार्कमध्ये ‘नन’ (काहीही अडवू नका) ठेवा, तपासणीचे अहवाल येण्यासाठी पत्ता द्या, आणि बिलं पाठवणारं सॉफ्टवेअरसुद्धा अहवालात पास दिसेपर्यंत थांबा.

बदल झाल्यावर याहूच्या पत्त्यावरून गटावर एक मेल टाका, जीमेलमध्ये ती उघडून ‘शो ओरिजिनल’ बघा. डीमार्कसमोर पास हवं, आणि डीकिमच्या ओळीत गटाचं डोमेन. तळाची ओळ काढली असेल तर तिथे याहूचं.