रिमोट हरवला? नवा घ्यायच्या आधी जुना बंद करा

नवा रिमोट जोडून द्या, असा फोन आला की मी आधी विचारतो, "जुना कुठाय?" उत्तर ठरलेलं. ड्रायव्हर सोडून गेला, त्याच्याकडे राहिला. नाहीतर भाडेकरूने चावी दिली, रिमोट दिलाच नाही. म्हणजे गेट अजून त्या माणसाच्या खिशात आहे, आणि सेक्रेटरी साहेबांना घाई नव्या रिमोटची.

मी लालबागचा. सोसायट्यांची सरकती गेटं आणि दुकानांची मोटरवाली शटरं, हेच माझं काम. स्वतःचं गॅरेज असलेली माणसं मुंबईत मोजकीच, पण गॅरेजचं दार काय, स्टिल्ट पार्किंगचं गेट काय, रिमोटची रीत तीच.

पहिल्यांदा रिमोटचं मागचं झाकण उघडा. आत बारीक पांढऱ्या दांड्यांची रांग दिसली तर तो जुन्या पद्धतीचा, डिप स्विचचा. रिमोटमधले आणि रिसीव्हरमधले, म्हणजे मोटरकडच्या सिग्नल घेणाऱ्या भागातले, दांडे सारखे लावले की झालं. बंद करायचा असेल तर रिसीव्हरचे दांडे बदला आणि आपल्याकडच्या रिमोटचेही तसेच करा, हरवलेला आपोआप मुका होतो. आठ दांड्यांत जुळण्या 256, दहांत 1024. एवढ्या थोड्या जुळण्यांवर सोसायटीचं गेट ठेवू नये, असं माझं मत.

दांडे नसतील तर रिसीव्हरला रिमोट शिकवायचा, म्हणजे ओळखायला लावायचा. मोटरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा स्विच, पाडा, मोटरचं कव्हर काढा आणि रिसीव्हरवरचं छोटं 'लर्न' बटण शोधून ठेवा. मग एमसीबी चालू करा. आता आत 230 व्होल्ट आहेत, म्हणून बोट घालू नका, प्लास्टिकच्या पेनाच्या टोकाने बटण एकदा दाबून सोडा. लाइट लागतो. तो लागलेला असतानाच रिमोटचं हवं ते बटण दाबा. लाइट लुकलुकून विझला की रिमोट घेतला गेला. काही रिसीव्हरच्या बोर्डांना दोनदा दाबावं लागतं, मोटरच्या पुस्तिकेत असतं ते. दाबायच्या आधी गेटच्या रुळावर कोणी उभं नाही ना, बघा. पोरांना तिथेच खेळायचं असतं.

पुसायचं असेल तर तेच बटण लाइट विझेपर्यंत दाबून धरायचं, बहुतेक बोर्डांत सहा ते दहा सेकंद. पण यात सगळेच रिमोट जातात, तुमचाही. म्हणून मी रविवारी सकाळी बोलावतो, वॉचमनला प्रत्येक फ्लॅटचा रिमोट नंबराची पट्टी लावून आणायला सांगतो, सगळे एकदम पुसतो आणि एकेक परत शिकवतो. कोणी गावाला गेला असेल तर आल्यावर त्याचा वेगळा. चांगल्या बोर्डांत प्रत्येक रिमोटला जागेचा नंबर असतो, तिथे एकटा काढता येतो. नवी मोटर घेताना हेच विचारा. आणि वहीत फ्लॅट, रिमोट नंबर, तारीख लिहून ठेवा. वही नसली की नंबरवाल्या बोर्डाचाही उपयोग शून्य.

आता खरी गोम. बाजारात कॉपी रिमोट मिळतो. जुना समोर धरायचा, दोन बटणं दाबायची, झाली नक्कल. स्वस्त पडतं, म्हणून एकाच रिमोटवरून घरात चार नकला निघतात. पण या चौघांचा कोड एकच! मोटरला ते चार वाटत नाहीत, एकच वाटतो. त्यातला एक ड्रायव्हरने नेला, तुम्ही सगळं पुसलंत आणि घरातला परत शिकवलात, की ड्रायव्हरचाही पुन्हा चालू. बोर्डावरून तुम्ही कितीही वेळा पुसा, तो जाणार नाही. त्या घरातल्या साऱ्या नकला बाजूला काढून, वेगळ्या कोडचे रिमोट घेऊनच सुटका.

म्हणून मी रोलिंग कोडचाच रिमोट सांगतो. दर दाबण्याला त्याचा कोड बदलतो, त्यामुळे हवेतला सिग्नल पकडून ठेवला तरी तो शिळा. साध्या नकली रिमोटने त्याची कॉपी होत नाही. पोर तो गावाला नेऊन उगाच दाबत बसलं, तर गेटशी त्याचा मेळ सुटू शकतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या कीलॉक पद्धतीत पुढचे 16 कोड रिसीव्हर लगेच मानतो, त्यापुढे गेला तर लागोपाठ दोनदा दाबा, बहुधा जुळतो.

गणपतीला कोकणात निघालेले दुकानदार विचारतात, तेवढ्यापुरता रिमोट बंद कसा करायचा? पुसायची गरजच नाही. शटर खाली आणा, त्या मोटरचा एमसीबी पाडा, शिवाय शटरला कुलूप लावा. मात्र आल्यावर कुलूप काढल्याशिवाय रिमोट दाबू नका, मोटर ओढत राहते आणि पट्ट्या वाकतात.

रिमोट जवळ गेल्यावरच चालत असेल तर आधी सेल बदला. 12 व्होल्टचा बारीक सेल असेल तर त्यावर 23ए की 27ए लिहिलंय ते वाचून आणा, दोन्ही दिसायला सारखेच पण जाडी वेगळी. तरीही तसंच, तर रिसीव्हरची अँटेनाची वायर बघा. 433 मेगाहर्ट्झला ती साधारण 17 सेंटिमीटर सरळ लोंबती हवी. कव्हर बसवताना कोणीतरी ती गुंडाळून आत कोंबलेली असते. मोकळी करा, आणि झाकणाचे सगळे स्क्रू परत लावा. पावसाळ्यात त्या एका भोकातून पाल आत जाते आणि बोर्डावर आडवी पडते.