डॉग ट्रेनर व्हायचंय? आधी पद्धत पारखायला शिका

गोव्यात सध्या डॉग ट्रेनरला मागणी चांगली आहे. आसगाव-शिवोलीपासून पर्वरी, फोंड्यापर्यंत फ्लॅट उभे राहिले, बाहेरून लोक आले, सोबत हस्की, लॅब, जर्मन शेफर्ड आले, त्यामुळे बरीच पोरं विचारतात की कोर्स कुठला करू. कोर्सचं नंतर बघा, आधी कुठल्या पद्धतीने शिकवणाऱ्याकडे जायचं ते ठरवा. आपल्याकडे ट्रेनर व्हायला सरकारी लायसन्स लागत नाही, कोणीही उद्या बोर्ड लावू शकतो, आणि ज्याच्या हाताखाली पहिलं वर्ष काढाल त्याच्या सवयी तुमच्या हाताला लागतात, मग सुटता सुटत नाहीत.

सुरुवात ट्रेनरच्या इन्स्टा व्हिडिओंपासून करा, पण म्यूट करून. आवाज चालू असला की आपण माणसाचं बोलणं ऐकत बसतो आणि कुत्र्याकडे लक्षच जात नाही. कुत्र्याचं तोंड घट्ट मिटलंय का, समोर खाणं नसताना सारखा ओठ चाटतोय का, झोप आलेली नसताना जांभया देतोय का, कान मागे, शेपटी पोटाखाली, मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय का, हे सगळं बघा. बिफोर-आफ्टरमध्ये आधी भुंकणारा कुत्रा नंतर गप्प बसलेला दाखवतात आणि खाली टाळ्यांचा पाऊस, पण गप्प बसलेला कुत्रा निवांत असेलच असं नाही. 1967 मध्ये अमेरिकेत सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग ट्रेनर होणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. ज्या कुत्र्यांना आधी टाळता न येणारे शॉक बसले होते, त्यातले बरेचसे नंतर साधा छोटा अडथळा ओलांडून सुटता येत असतानाही जागेवर बसून शॉक खात राहिले. बाहेरून बघणाऱ्याला असा कुत्रा शहाणाच वाटणार.

दुसरं, ‘अल्फा बना, बॉस बना’, म्हणजे कळपाच्या म्होरक्यासारखं कुत्र्याला दाबून ठेवा, हे ऐकलं की तिथेच थांबा. ही कल्पना आली पिंजऱ्यातल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणावरून, रुडॉल्फ शेंकेल यांचा तो अभ्यास 1947 चा. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने ती जगभर पोचवली, आणि त्याच मेक यांनी 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. नंतर ते आपलंच पुस्तक छापणं बंद करा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. आणि इतकं होऊनही आपल्याकडे अजून कुत्र्याला पाठीवर पाडून दाबून धरायला शिकवतात, याचा मला खरंच राग येतो.

आता पद्धत प्रत्यक्षात काय करते ते एका उदाहरणावर बघू. सकाळी पदेर, म्हणजे पाववाला, येतो, सायकलचा पोंय-पोंय हॉर्न वाजतो, कुत्रा गेटवर धावून जातो आणि भुंकून घर डोक्यावर घेतो. एक ट्रेनर चोक चेनला, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीला, जोरात झटका देईल. कुत्रा गप्प होईल, मालक खूश. पण हॉर्न वाजला की मान दुखते एवढंच कुत्र्याच्या डोक्यात बसलं तर? मग पदेर म्हणजे वाईटच हे त्याच्यासाठी पक्कं झालं. आणि गुरगुरण्यावर मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चिडणं सोडत नाही, मग एक दिवस सूचना न देता चावतो. दुसरा ट्रेनर तोच हॉर्न मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी बारीक आवाजात लावेल, आवाज आला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, भुंकायच्या आधी, आवाज बंद की चिकनही बंद. मग आवाज हळूहळू वाढवत नेईल, मग खरा पदेर पण गेटपासून लांब उभं राहून. वेळ लागतो, व्हिडिओ बोअरिंग होतो, पण काही दिवसांनी हॉर्न वाजला की कुत्रा मालकाच्या तोंडाकडे बघायला लागतो, आणि तुम्हाला शिकायचंय ते हेच.

शॉक कॉलरवाले, म्हणजे रिमोटने विजेचा झटका देणारा पट्टा गळ्यात घालणारे, म्हणतील की अहो दुखत नाही, मोबाईलच्या व्हायब्रेशनसारखं असतं. साधा विचार करा, बटण दाबलं की कुत्रा ते थांबवण्यासाठी ऐकतो, मग ते नकोसं नसतं तर थांबवायला धडपडला कशाला असता? वेल्समध्ये या कॉलरवर 2010 पासून बंदी आहे. 2020 मध्ये पोर्तुगालमधल्या अभ्यासात 92 पाळीव कुत्रे बघितले, त्यात धाक-शिक्षेवर जास्त भर देणाऱ्या स्कूलमधल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलेलं होतं. 2021 मध्ये प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन व्हेट्सच्या संघटनेने स्पष्ट सांगितलं की सगळ्या ट्रेनिंगला बक्षिसावर आधारित पद्धतच वापरा. आपल्याकडेही प्राण्याला मारणं, विनाकारण वेदना देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण ट्रीटची पिशवी कमरेला लावली म्हणून कोणी चांगला ट्रेनर होत नाही. आधी बिस्किट दाखवून मग बसवणं ही लाच झाली, हातात बिस्किट नसेल तर कुत्रा ढुंकून बघणार नाही. बरोबर वागला की त्याच क्षणी बक्षीस, ते हळूहळू कधी खाणं, कधी खेळ, कधी वास घ्यायला सोडणं, असं बदलत नेता येतं का ते बघा. टायमिंग ज्याचं ढिलं तो क्लिकर, म्हणजे ‘बरोबर केलंस’ हे सांगायला टिक वाजवायची डबी, वाजवूनही कुत्र्याला भलतंच शिकवतो.

शिकायला जायच्या आधी एक सेशन बघू द्या म्हणून सांगा. नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. मालकाला न दाखवता कुत्रा महिनाभर ठेवून घेणारे, सात दिवसांत गॅरंटी देणारे, दोन्ही टाळा. जमल्यास दोन-तीन महिन्यांपूर्वी ट्रेनिंग संपलेल्या एखाद्या मालकाला भेटा आणि कुत्रा घरी, ट्रेनर नसताना, कसा वागतो ते विचारा. चांगल्या ट्रेनरला हेही विचारा की अचानक चावायला लागलेला कुत्रा आला तर पहिलं काय करता. उत्तर ‘आधी व्हेटकडे पाठवतो’ असं यायला हवं. कानाचं इन्फेक्शन, सांधेदुखी, शिवाय आपल्याकडे गोचीड भरपूर, टिक फीवर कायमचाच, दुखणाऱ्या कुत्र्याला ट्रेनिंगची गरज नसते.

मधल्या काळात एखाद्या शेल्टरमध्ये मदतीला हात लावा, गोव्यात आहेत. तिथे रोज वेगवेगळे कुत्रे हाताखालून जातात, घाबरलेले, चावरे, म्हातारे, आणि एका लाडावलेल्या लॅबवर दिसत नाही ते सगळं दिसतं. बाहेरच्या सीपीडीटी-केए या डॉग ट्रेनरच्या सर्टिफिकेटसाठीसुद्धा परीक्षेआधी 300 तास ट्रेनिंगचा अनुभव मागतात, म्हणजे नुसत्या ऑनलाइन कोर्सवर भागत नाही. शेल्टरला जायच्या आधी डॉक्टरांशी बोलून रेबीजची प्री-एक्स्पोजर, म्हणजे चावण्याआधीच घ्यायची, लस घ्या, आणि तरीही कुत्रा चावलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवून थेट हॉस्पिटल गाठा, आधी लस घेतली असली तरी पुढचे डोस लागतात.