'आता सवय झाली' म्हणू नका: शुश्रूषा करणाऱ्यांच्या नेहमीच्या चुका

कॅन्सर वॉर्डात सव्वीस वर्षं ड्युटी केली. आता घरोघरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या मुलींना शिकवते. प्रत्येक बॅचमध्ये त्याच त्या चुका दिसतात. पहिली तर मी स्वतः केली आहे, म्हणून तिच्याबद्दल जास्त लिहिते.

मन बधिर झालं, त्याला सवय समजणं

नवी सिस्टर पहिल्या मृत्यूला रडते. सहा महिन्यांनी रडत नाही, तेव्हा सगळे म्हणतात, "बघ, तयार झाली." कधी ती खरंच तयार झालेली असते, कधी आतून आटलेली असते. हे ओळखायची माझी खूण एकच: पेशंट नावाने आठवतो की बेड नंबराने?

एका नाइटला एक बाई काउंटरशी आल्या. "सिस्टर, ह्यांचे ओठ फार कोरडे पडलेत. दोन थेंब पाणी देऊ का?" मी फाइलमधून मान वर न काढता म्हटलं, "आठ नंबर ना? बघते नंतर." त्या गृहस्थांना पंधरा दिवस मीच मॉर्फिन देत होते. त्यांची नात कितवीत आहे हेसुद्धा मला माहीत होतं. पहाटे ते गेले. निघताना त्या बाई वॉर्डातल्या मावशींच्या गळ्यात पडून रडल्या, माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ओल्या कापसाने ओठ टिपायला अर्धं मिनिट लागलं असतं.

लक्षणं त्याआधी कितीतरी दिवस दिसत होती. लिफ्टचं दार उघडताना पोटात गोळा यायचा. रडणाऱ्या नातेवाइकांची चीड यायची. घरी मुलाला १०२ ताप असताना "त्यात काय एवढं" असं माझ्या तोंडून गेलं होतं. यातलं काहीच मला दुखणं वाटलं नाही. परिचारिकांच्या या अवस्थेला कार्ला जॉइन्सन यांनी १९९२मध्येच 'कंपॅशन फटीग' म्हटलं होतं. करुणेचा थकवा. मला हा शब्द फार उशिरा भेटला.

दोन थकव्यांची गल्लत

वीस बेडला दोन सिस्टर असतील, तर ते रोस्टरचं दुखणं आहे. त्यावर प्राणायाम हा इलाज नाही. माणसं वाढवून मागा, आणि लेखी मागा. १२ मेच्या परिचारिका दिनाला ध्यानाचं शिबिर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा डबल ड्युट्या लावायच्या, याचा मला मनापासून राग येतो. पेशंटचं कण्हणं तुमच्या झोपेत ऐकू येत असेल, तर ते दुखणं वेगळं. बेथ स्टॅम यांची 'प्रोक्वॉल' ही ३० प्रश्नांची प्रश्नावली गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते आणि या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मोजते. शिवाय कामातून मिळणारं समाधानही मोजते. तिच्यावरून निदान होत नाही, पण आपण कुठे आहोत ते कळतं.

सुट्टीवर भिस्त

चार दिवस गावी जाऊन झोप काढली की झालं, असं बहुतेकींना वाटतं. झोप हवीच. पण न संपवलेले मृत्यू सुट्टीत तुमच्याबरोबर गावी येतात आणि तुमच्याबरोबरच परत येतात. मला सावरलं ते रोजच्या छोट्या पूर्णविरामांनी. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातले ब्रदर जोनाथन बार्टल्स यांनी एक पद्धत रुजवली: पेशंट गेला की सगळ्यांनी काही क्षण त्याच्यासाठी शांत उभं राहायचं. मी त्यात माझी भर घातली. कोपरापर्यंत हात धुते, त्या माणसाचं पूर्ण नाव घेते, त्याच्याबद्दलची एक गोष्ट आठवते, आणि मगच हँडओव्हर लिहिते.

परवा एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आठवडा झाला, काहीच फरक नाही." अगं, दोन वर्षांत साचलेलं आठवड्यात कसं उपसेल? मला पहिला फरक जाणवायला तीन महिने लागले. झटपट उपाय विचारणाऱ्या मुली बहुधा दुसऱ्या आठवड्यातच सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं, कारण जीव लावणाऱ्या त्याच असतात.

आणखी काही

नातेवाइकांना स्वतःचा मोबाइल नंबर देऊ नका, एजन्सीचा द्या.

डबा उभ्याने खाऊ नका. दहा मिनिटं बसा.

मन मोकळं करायला ग्रुपवर मेसेज टाकू नका. एक जुनी सिस्टर धरा आणि तिच्याशी समोरासमोर बोला.

घरी आई-वडिलांचं करत असाल, तर आठवड्यातला एक अर्धा दिवस भावाला किंवा वहिनीला ठरवून द्या. "मीच केलं पाहिजे" हा हट्ट सोडा.

झोपेसाठी वॉर्डातली गोळी मनाने घेऊ नका. एकदा जरी घ्यावीशी वाटली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला, नाहीतर १४४१६ला फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा २०२२पासून सुरू आहे. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि नाइट ड्युटीतल्या रात्री तीनलाही फोन करता येतो.