कूलंटची गळती घरी बंद करण्यापूर्वीची तयारी

कूलंट म्हणजे गाडीचे इंजिन थंड ठेवणारा द्रव. होज (ते वाहून नेणारी रबरी नळी), त्याची क्लिप किंवा रेडिएटरची टोपी एवढ्यापुरतीच गळती असेल, तर ती घरी बंद करता येते. परंतु पान्याला हात लावण्याआधी डिस्टिल्ड वॉटर घरात आलेले असावे. ५ लिटरचे दोन कॅन आणावेत: एक आतली घाण धुऊन काढण्यासाठी, दुसरा कूलंटमध्ये मिसळण्यासाठी. मागच्या वेळी नेमके हेच राहिले, रेडिएटर रिकामा होईपर्यंत दुकाने बंद झाली आणि शेवटी बोअरचे पाणी भरावे लागले. मराठवाड्यात काळ्या खडकातून उपसलेले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर धरतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही धरतो आणि मग गळती थांबूनही इंजिन तापत राहते. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीच्या दुकानात घेताना लेबल वाचून घ्यावे, कारण शेजारीच आम्लाचेही कॅन ठेवलेले असतात.

त्यानंतर गळती नक्की कुठे आहे ते शोधावे. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवावा. उन्हाळ्यात एसीचे पाणीही ठिबकते. ते बिनरंगी आणि बिनवासाचे असते, तर कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत आणि गोडसर वासाचे असते. सकाळी टॉर्चच्या उजेडात होजची टोके पाहावीत. जिथून कूलंट झिरपते, तिथे ते वाळून हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खपली धरते. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून गळत असेल, तर पंप गेला असे समजावे. थेंब कुठेच दिसत नाही पण पातळी उतरते, ऑइल दुधाळ झाले आहे किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतो, अशी लक्षणे असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधले सील) गेल्याची शंका घ्यावी आणि काम मेकॅनिककडेच सोपवावे.

नवा होज गाडीचे मॉडेल, वर्ष आणि पेट्रोल की डिझेल हे सांगूनच घ्यावा. क्लिपा नव्याच घ्याव्यात. कूलंट गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचेच हवे; दोन प्रकार एकत्र झाले की काही वेळा आत गाळ धरतो. ते तयार मिश्रण आहे की घट्ट अर्क आहे, हे कॅनवर पाहावे. घट्ट असेल तर साधारण निम्मे डिस्टिल्ड वॉटर लागते, म्हणून पुन्हा सांगतो, ते पाणी आधी आणावे. गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय घरच्या दुरुस्तीत मुळीच करू नये. हळद हीटरच्या नळ्यांतही जाऊन बसते.

पाने, पक्कड, हातमोजे हे वेगळे सांगायला नको. गाडी उचलायची असेल तर जॅकखाली जाड लाकडी फळी आणि गाडीखाली घोडे (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आत शिरू नये. काळ्या मातीत जॅक एका बाजूने खचतो.

काम पहाटे सुरू करावे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि दुपारी उभ्या केलेल्या गाडीचे इंजिन लवकर निवत नाही. गरम इंजिनाची टोपी कोणत्याही कारणाने उघडू नये, कारण दाबामुळे आतले कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि टोपी सैल होताच वाफ होऊन अंगावर येते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही पंखा फिरू लागतो. काढलेले कूलंट घमेल्यात धरून लगेच झाकण असलेल्या कॅनमध्ये ओतावे. गोड चवीमुळे कुत्री-मांजरे ते पितात आणि ते विषारी आहे. नालीत किंवा आडाजवळ ओतू नये.

जुना होज चिकटून बसला असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नये, त्यात रेडिएटरची प्लास्टिकची नळी तुटते. होजच उभा चिरून सोलून काढावा. नवा होज नळीच्या उंचवट्यापलीकडे पूर्ण सरकवावा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे आवळावी.

मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, तेही काढून, नवे मिश्रण हळूहळू भरावे. बॅटरीची वायर जोडावी, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा लागेपर्यंत इंजिन चालवावे आणि हवा काढावी. थंड झाल्यावर पातळी पाहावी. कमी भरली तर डिस्टिल्ड वॉटर मिसळलेले कूलंटच घालावे, नळाचे पाणी तांब्याभरही नको.